१३० की १८०? ए-३ कागदावर न वाचता आलेल्या एका मापाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या विश्रामबाग भागातलं हे एक छोटं स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीचं ऑफिस. प्रमुख इंजिनिअर, त्यांच्या हाताखाली दोन तरुण इंजिनिअर, आणि ड्रॉइंगला दोघं. त्यांतले एक बोर्डावर टी-स्क्वेअर धरून शिकलेले जुने ड्राफ्ट्समन, ज्यांना ऑफिसात सगळे भाऊ म्हणतात. दुसरी आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल कोर्स करून आलेली मुलगी. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मापं आणि फाइलमधले दोष मात्र होते तसेच ठेवले आहेत, कारण या प्रकरणाचा सगळा अर्थ त्या मापांत आहे.

काम होतं कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शीतगृहाचं. मालक बेदाण्याच्या धंद्यातले. तासगाव, कवठेमहांकाळकडचा माल शेडवरून निघू लागला की त्याला थंड जागा लागते, त्यामुळे हंगामाआधी इमारत उभी राहायलाच हवी होती. वरचा सांगाडा पीईबीचा, म्हणजे कारखान्यात तयार होऊन येणारे पोलादी खांब आणि तुळया. खालचं फाउंडेशन, पेडेस्टल (खांबाखालचा काँक्रीटचा ठोकळा) आणि त्यात बसवायचे, खांबाला जखडणारे अँकर बोल्ट यांची ड्रॉइंग या ऑफिसची. इमारत ४२ मीटर लांब, २४ मीटर रुंद.

पीईबीच्या कामात अँकर बोल्टला फार महत्त्व असतं. खांबाच्या बेस प्लेटला, म्हणजे तळाच्या पोलादी पाटीला, भोकं कारखान्यात पडून येतात. साइटवर बोल्ट चुकले तर प्लेट बसत नाही आणि क्रेन तासावर उभी राहते. बोल्टच्या मापाला तिथे पाच मिलिमीटरचीही सूट नसते.

ऑफिसनं ए-१ आकाराची ड्रॉइंग दिली. एका शीटवर १:१०० चा फाउंडेशन प्लॅन, शेजारी दोन सेक्शन, खाली कोपऱ्यात १:२० चं बेस प्लेटचं डिटेल आणि उरलेल्या जागेत फुटिंगचं (पायाच्या सर्वांत खालच्या रुंद भागाचं) कोष्टक. प्लॉटरवर काढलेल्या ए-१ प्रती दोनच निघाल्या, एक मालकाकडे गेली आणि एक कंत्राटदाराच्या ऑफिसात. साइटवर गेली ती व्हॉट्सअॅपवरची पीडीएफ. कंत्राटदाराच्या पोरानं ती जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून ए-३ वर काढून आणली. तिथल्या मशीनवर ए-३ पेक्षा मोठा कागद निघत नाही.

अडचण

पेडेस्टलचे बोल्ट धरून ठेवायला मुकादमानं प्लायवुडचे टेम्प्लेट कापले. बोल्टमधलं अंतर त्यानं १८० धरलं. मूळ ड्रॉइंगमध्ये ते १३० होतं. दोन पेडेस्टलचं काँक्रीट पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साइट इंजिनिअर पीईबी कंपनीचा बोल्ट प्लॅन घेऊन पडताळणीला आला आणि टेप लावताच फरक दिसला. ते दोन्ही माथे फोडावे लागले. बाकीचे टेम्प्लेट वेळेत बदलले.

मुकादमाचं म्हणणं साधं होतं. "साहेब, तीन का आठ हेच कळंना. दोघातिघांनी बघितलं. आठच वाटलं सगळ्यांना." त्यानं तो ए-३ कागद पुढे केला. मी तो नंतर पाहिला. नकाशावरचे आकडे इंग्रजी, आणि मधल्या आकड्याच्या दोन्ही पोटांत शाई भरलेली. तिथे तीन लिहिलंय हे ठाऊक असलेल्यालाच तीन दिसावा असा तो आकडा.

ऑफिसचं म्हणणंही खोटं नव्हतं. ए-१ प्रतीवर तो आकडा १३० असाच होता आणि जरा वाकून पाहिलं तर वाचता येत होता. कंत्राटदार म्हणाला, फोडकामाचा खर्च ऑफिसनं द्यावा. ऑफिस म्हणालं, आम्ही ए-१ दिलं होतं, तुम्ही ए-३ का वापरलंत? पैशाचा प्रश्न दोघांनी आपसांत मिटवला, त्यात मी नव्हतो. मला बोलावलं ते पुढची ड्रॉइंग निघण्याआधी फाइल तपासून द्यायला.

फाइलमध्ये काय सापडलं

पहिल्या नजरेत सगळ्यांनी एकच कारण धरलं होतं: ए-१ चा ए-३ झाला आणि अक्षर लहान झालं. ते खरं आहे. ए-१ म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर, ए-३ म्हणजे २९७ बाय ४२०. लांबी-रुंदी बरोबर निम्मी, म्हणजे कागदावरची प्रत्येक गोष्ट निम्मी. २.५ मिमीचं अक्षर १.२५ होतं. १:१०० चा नकाशा १:२०० होतो, तोही बरोबर नाही. प्रिंटर कडेला समास सोडतो, म्हणून 'फिट' निवडल्यावर चित्र आणखी थोडं आकसतं. साइटवरचा कागद मोजला तेव्हा तो ९७ टक्क्यांच्या आसपास निघाला, म्हणजे जवळपास १:२०६. त्यावर १:२०० ची पट्टी लावली तर ५००० चं माप ४८५० दिसतं. साइटवर कोणी पट्टी लावली नव्हती. लावली असती तर वेगळंच संकट उभं राहिलं असतं.

पण निम्मं होणं हे एकटं कारण पुरत नाही. प्लॅनमधली खांबांच्या सेंटर लाइनची मापं त्याच ए-३ वर नीट वाचता येत होती. नडलं ते फक्त डिटेल. म्हणून ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून प्रत्येक टेक्स्टची उंची पाहिली.

डिटेलमधल्या मापांची उंची प्लॅनमधल्या मापांपेक्षा कमी होती. प्लॅनमध्ये २५० युनिट, म्हणजे १:१०० ला कागदावर २.५ मिमी. डिटेलमध्ये १८०, म्हणजे १.८ मिमी. ए-३ वर तेच ०.९ मिमी झालं. भाऊंना विचारलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं आणि ते कारण पटण्यासारखं होतं. १:२० ला १३० मिमीचं अंतर कागदावर साडेसहा मिलिमीटर भरतं. एवढ्या जागेत दोन बाणांची टोकं आणि मध्ये तीन आकडे बसत नाहीत. टेक्स्ट बाहेर फेकला जातो, शेजारच्या रेषेवर चढतो. म्हणून त्यांनी अक्षर लहान केलं आणि रुंदीही दाबली.

म्हणजे टेक्स्ट लहान असण्याचं मूळ स्केलमध्ये होतं. त्या डिटेलला १:२० हे स्केलच अपुरं होतं. जागेत अक्षर मावत नसेल तर स्केल वाढवायचं असतं. इथे शीटवर जागा उरली नव्हती म्हणून स्केल अडकलं आणि भार अक्षरावर आला.

दुसरी गोष्ट पेनच्या जाडीची. या ऑफिसची पेन टेबल, म्हणजे कोणत्या रंगाची रेघ कागदावर किती जाड उमटेल याची यादी, फार जुनी. टेक्स्टच्या रंगाला तीत ०.३५ मिमी जाडी दिलेली. तांत्रिक लेखनाच्या आयएसओ ३०९८ मानकात नेहमीच्या बी प्रकारच्या अक्षराची रेघ उंचीच्या एक दशांश असते. ३.५ च्या अक्षराला ०.३५, २.५ ला ०.२५, १.८ ला ०.१८. इथे १.८ च्या अक्षराला ०.३५ ची रेघ होती, म्हणजे हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट. ए-१ वर पोटातली पोकळी जेमतेम उरली, ए-३ वर ती बुजली आणि झेरॉक्सच्या टोनरनं उरलंसुरलं भरलं. तिनाचा आठ झाला तो इथे. अक्षर लहान असूनही रेघ बारीक असती तर मुकादमाला कदाचित वाचता आलं असतं, असं मला वाटतं. टेक्स्टच्या उंचीवर पुष्कळ चर्चा होते, पेनच्या जाडीकडे फार कमी लोक बघतात.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर होती आणि तिचा या घटनेशी थेट संबंध नव्हता. ते १:२० चं डिटेल १:१०० च्या शीटवर बसवण्यासाठी मॉडेल स्पेसमध्ये (फाइलमधली खऱ्या मापात काढायची जागा) पाचपट मोठं करून ठेवलेलं होतं. ६०० चं पेडेस्टल फाइलमध्ये ३००० लांबीचं. माप बरोबर दिसावं म्हणून डायमेन्शन स्टाइलमध्ये (मापं कशी दिसावीत हे ठरवणाऱ्या नोंदीत) लिनिअर फॅक्टर, म्हणजे मोजलेल्या लांबीला गुणायचा आकडा, ०.२ दिलेला. ही युक्ती आपल्याकडे जुन्या ऑफिसांत सर्रास चालते आणि जोवर एकच माणूस फाइल हाताळतो तोवर ती निभावते. इथे फाइल दोघांच्या हातांतून गेली होती. मुलीनं काही मापं प्लॅनच्या स्टाइलनं टाकली, ती पाचपट दिसली. वेळ कमी होता, तिनं आकड्यावर क्लिक करून हातानं बरोबर माप टाइप केलं.

हातानं टाइप केलेलं माप रेषेशी बांधलेलं राहत नाही. रेषा हलली तरी आकडा तिथेच बसून राहतो. क्विक सिलेक्टमधून 'टेक्स्ट ओव्हरराइड' (हातानं टाइप केलेल्या आकड्याचा रकाना) रिकामा नसलेली सगळी डायमेन्शन निवडली तेव्हा अशी मापं डिटेलभर विखुरलेली सापडली. त्यातलं एक बोल्ट माथ्यावर किती बाहेर राहायचा त्याचं. पीईबी कंपनीनं सुधारित आकडा १५० दिला होता. भाऊंनी रेषा ओढून १५० केली. आकडा मात्र १२० च राहिला, कारण तो टाइप केलेला होता. ग्राउट (प्लेटखाली भरायचा मसाला), प्लेट, वॉशर आणि दोन नट धरले तर १२० मध्ये आटे उरलेच नसते. टेम्प्लेटच्या गडबडीत साइटवरचं काम थांबलेलं असल्यामुळे उरलेल्या बोल्टना हे माप कोणी वापरलं नव्हतं. इथे अक्षर मोठं आणि स्वच्छ असतं तर मुकादमानं १२० बिनचूक वाचलं असतं आणि बोल्ट बिनचूक आखूड बसवले असते.

बारीकसारीक बरंच होतं. ते पटकन सांगतो. आर्किटेक्टची फाइल मीटरमध्ये, ऑफिसची मिलिमीटरमध्ये. मीटरच्या फाइलमधून आलेल्या एका टेक्स्ट स्टाइलला ०.२ अशी पक्की उंची दिलेली होती. मीटरमध्ये ती १:१०० ला २ मिमी, मिलिमीटरच्या फाइलमध्ये ती दिसतही नाही. शिवाय टेक्स्ट स्टाइलला पक्की उंची दिली की डायमेन्शन स्टाइलमधला उंचीचा रकाना करडा होऊन बंद पडतो आणि तिथे काही बदलता येत नाही. मग माणूस वैतागून प्रत्येक टेक्स्ट वेगळा निवडतो आणि स्क्रीनवर बरा दिसेल इतका करतो. फाइलमध्ये १८०, २००, २१०, २३७ अशा उंच्या त्यातूनच आल्या. स्क्रीनवर झूम करता येतं, त्यामुळे तिथे कुठलीही उंची बरीच दिसते.

समोर असलेले पर्याय

बैठक ऑफिसातच झाली. प्रमुख, भाऊ, ती मुलगी, कंत्राटदाराचा साइट इंजिनिअर आणि मी.

पहिला पर्याय प्रमुखांचा: यापुढे साइटवर फक्त ए-१ प्लॉट जाईल, ए-३ चालणार नाही असं लेखी द्यायचं. साइट इंजिनिअरनं तिथल्या तिथे नकार दिला. उघड्यावर वाऱ्यात ए-१ कागद धरायला दोन माणसं लागतात, ओला झाला तर फाटतो, आणि फाटला की नवी प्रत आणायला सांगलीला यावं लागतं. तो म्हणाला, "तुम्ही लिहून दिलंत तरी पोरं ए-३ च काढणार." मला त्याचं म्हणणं योग्य वाटलं. ज्या कागदावर काम होतं तो कागद नाकारून ऑफिस कागदोपत्री सुरक्षित झालं असतं, बोल्ट झाले नसते.

दुसरा पर्याय, सगळा टेक्स्ट निवडून दुप्पट करायचा. भाऊंनी एका प्रतीवर करून दाखवलं. प्लॅनमध्ये चाललं, डिटेलमध्ये आकडे एकमेकांवर चढले. बाणांची टोकं आणि एक्स्टेन्शन लाइनची अंतरं जुनीच राहिली, त्यामुळे मापं बेढब दिसू लागली. डायमेन्शनमध्ये नुसती टेक्स्टची उंची वाढवणं म्हणूनच टाळावं. स्टाइलमध्ये कागदावरची मापं लिहावीत: टेक्स्ट ३.५, बाण २.५, रेषेपासून अंतर १. आणि 'ओव्हरऑल स्केल' १०० द्यावा. मग सगळं एकत्र शंभरपट होतं आणि प्रमाण टिकतं.

तिसरा पर्याय, सगळी ड्रॉइंग मुळातच ए-३ वर करायची. डिटेलसाठी हे छान. पण ४२ मीटरची इमारत १:१०० ला ४२० मिमी भरते, म्हणजे ए-३ ची अख्खी लांबी, कडेच्या चौकटीला जागाच नाही. प्लॅन १:२०० ला न्यावा लागला असता आणि फुटिंगचे क्रमांक, सेंटर लाइन, मापं यांची दाटी झाली असती.

चौथा पर्याय चर्चेतून पुढे आला. मूळ शीट ए-२ करायचं. ए-२ म्हणजे ४२० बाय ५९४. त्यात ४२० बाय २४० चा प्लॅन बसतो, मापांना आणि शीर्षकपट्टीला जागा राहते. ए-२ वरून ए-३ वर आलं की आकार ०.७०७ पट होतो. लेखनाच्या उंचीची प्रमाणित मालिका १.८, २.५, ३.५, ५, ७ अशी आहे आणि तिच्यातली पायरीसुद्धा त्याच गुणोत्तराची, दोनाच्या वर्गमुळाची. म्हणून ए-२ वर ३.५ मिमी लिहिलं तर ए-३ वर ते २.५ होतं, ५ चं ३.५ होतं. कागद एक पायरी उतरतो आणि अक्षरही प्रमाणित मालिकेतली एकच पायरी उतरतं. कागदाचे आकार आणि अक्षरांच्या उंच्या एकमेकांना जोडूनच ठरवलेल्या आहेत, आणि ड्राफ्टिंग शिकवताना ही गोष्ट सांगितली गेली तर बरंच काही आपोआप सुटेल असं मला मनापासून वाटतं.

ए-२ ठरलं. खरा वाद पुढच्या मुद्द्यावर झाला: डायमेन्शन टाकायची कशी? तीन रस्ते होते.

एक, ॲनोटेटिव्ह स्टाइल. ऑटोकॅडमध्ये ही सोय २००८ च्या आवृत्तीपासून आहे. टेक्स्टला कागदावरची उंची द्यायची, व्ह्यूपोर्टचं (कागदावर मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीचं) स्केल बदललं की मॉडेलमधली उंची ऑटोकॅड स्वतः जुळवतं. एकच प्लॅन १:१०० ला आणि त्याचा तुकडा १:५० ला दाखवायचा तर याच्यासारखी सोय नाही. मुलीला हे येत होतं आणि तिला हेच हवं होतं.

दोन, डायमेन्शन थेट लेआउटवर, पेपर स्पेसमध्ये, म्हणजे छापायच्या कागदाच्या मांडणीवर. उंची ३.५ म्हणजे ३.५, गुणाकाराचा प्रश्नच नाही. पण मॉडेल उघडणाऱ्याला मापं दिसत नाहीत आणि पीईबी कंपनीला फाइल मॉडेलमध्येच लागत होती.

तीन, डायमेन्शन मॉडेलमध्ये, पण प्रत्येक स्केलला वेगळी स्टाइल: १०० ची, ५० ची, १० ची. जुनी पद्धत, भाऊंच्या हातातली.

भाऊंचा ॲनोटेटिव्हला विरोध होता. त्यांनी पूर्वी एका कामात फाइलभर स्केलची यादी वाढत गेलेली आणि एकाच मापाच्या चार चार प्रती इकडेतिकडे सरकलेल्या पाहिल्या होत्या. तो अनुभव खरा असतो. स्केल बदलताना सगळ्या टेक्स्टला नवं स्केल आपोआप जोडण्याचं बटण चालू राहिलं की असंच होतं. मुलीचं म्हणणं, ते बटण बंद ठेवलं तर होत नाही. दोघंही बरोबर होते.

मी वेगळ्या स्टाइलच्या बाजूनं मत दिलं, फक्त या कामापुरतं. साइट थांबलेली, दोन हातांतून फाइल जाणार, आणि त्यातल्या एका हाताला ॲनोटेटिव्हची सवय नाही. चालू कामात पद्धत बदलली असती तर गोंधळाला नवी जागा मिळाली असती. पुढच्या कामाच्या टेम्प्लेटमध्ये (नवं ड्रॉइंग जिच्यावरून सुरू होतं त्या तयार फाइलमध्ये) ॲनोटेटिव्ह घ्यायचं आणि ते मुलीनं तयार करायचं असं ठरलं.

काय केलं

आधी टाइप केलेली मापं काढली. प्रत्येक ठिकाणी ओव्हरराइड रिकामा केला आणि खरं माप वर येऊ दिलं. जिथे आकडा आणि रेषा जुळली नाही तिथे पीईबी कंपनीच्या प्लॅनशी ताडून रेषा दुरुस्त केली. '१३०, चार ठिकाणी सारखं' असं काही मापाला जोडायचं असेल तिथे कोनी कंसांची जोडी (<>) ठेवून पुढे मजकूर लिहिला. ती जोडी असली की खरं माप जिवंत राहतं.

मग डिटेल पुन्हा खऱ्या मापात, एकास एक आणलं. वेगळ्या शीटवर १:१० च्या व्ह्यूपोर्टमधून दाखवलं. आता १३० चं अंतर ए-२ वर १३ मिमी भरतं. बाणांच्या जागी तिरक्या खुणा घेतल्या, कारण दोन बाण जेवढी जागा खातात तेवढ्यात एक आकडा बसतो. टेक्स्ट ३.५, स्टाइलचा स्केल १०, म्हणजे मॉडेलमध्ये उंची ३५. लिनिअर फॅक्टर सगळीकडे १. लिनिअर फॅक्टर एकाशिवाय दुसरा ठेवायचाच नाही, हा नियम प्रमुखांनी स्वतः घातला.

टेक्स्ट स्टाइलच्या सगळ्या पक्क्या उंच्या शून्य केल्या. पेन टेबलमध्ये टेक्स्टसाठी दोन रंग ठेवले, ३.५ च्या अक्षराला ०.२५ आणि ५ च्या शीर्षकांना ०.३५. मानकापेक्षा एक पायरी बारीक रेघ मुद्दाम घेतली, झेरॉक्समध्ये ती जाड होते म्हणून. सेंटर लाइनच्या तुटक रेषा ए-३ वर अखंड दिसत होत्या, त्यांचं लाइनटाइप स्केलही (तुकड्यांची लांबी) वाढवलं. व्ह्यूपोर्ट कुलूपबंद केले.

मुकादमाच्या विनंतीवरून बोल्ट आणि ग्राउटच्या सूचना मराठीत दिल्या. ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी येत नाही, प्रश्नचिन्हं दिसतात, म्हणून युनिकोडचा ट्रूटाइप फॉन्ट घेतला. ३.५ उंचीला इंग्रजी कॅपिटल अक्षरं ठसठशीत दिसत होती, पण त्याच उंचीला 'पृष्ठभाग', 'ग्राउट' हे शब्द दाटले. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर एवढं सगळं त्याच उंचीत मावायचं असतं. म्हणून मराठी सूचना ५ मिमीला केल्या आणि ओळींमधलं अंतर वाढवलं. मापांचे आकडे सगळीकडे इंग्रजीच ठेवले, एका कागदावर दोन प्रकारचे आकडे नकोत म्हणून.

प्रत्येक शीटवर अंतराच्या खुणा असलेली रेखापट्टी काढली. कागद कसाही आकसला तरी ती सोबत आकसते. शेजारी मराठीत लिहिलं: लिहिलेलं माप धरावं, कागदावर पट्टी लावू नये. शीर्षकपट्टीत स्केलपुढे 'ए-२ वर' असं घातलं.

शेवटी पीडीएफ त्याच झेरॉक्सच्या दुकानात, त्याच मशीनवर, 'फिट' ठेवूनच ए-३ वर काढली आणि साइटवर मुकादमाच्या हातात दिली. त्यानं डिटेलमधली मापं मोठ्यानं वाचली, मुलीनं फाइलशी ताडली. सगळी जुळली. एकच अडलं, फुटिंगच्या कोष्टकातला सळयांचा व्यास. कोष्टकातला टेक्स्ट डायमेन्शन नसल्यामुळे स्टाइलच्या बदलात आला नव्हता आणि २.५ वरच राहिला होता. तो दुरुस्त केला.

परिणाम

उरलेले बोल्ट नव्या शीटवरून बसले आणि पीईबीचे खांब उभे करताना बेस प्लेट जागच्या जागी बसल्या. शीट वाढली, एका ए-१ च्या जागी तीन ए-२ झाली. साइट इंजिनिअरला ते बरं वाटलं, कारण बोल्टवाल्या माणसाला फक्त बोल्टचं शीट देता येऊ लागलं.

एक गोष्ट मात्र घसरली. जुने ए-३ कागद साइटवरून परत घेतले नव्हते. नव्या शीटचे क्रमांक वेगळे होते, त्यामुळे जुनं रद्द झालंय हे कागदावरून कळत नव्हतं. प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या तुळईच्या) वेळी एका गवंड्याकडे जुना कागद निघाला. त्या भागात मापं बदललेली नव्हती म्हणून काही बिघडलं नाही. त्यानंतर ऑफिसनं सुधारणेचं अक्षर आणि 'अमुक शीट रद्द' ही ओळ शीर्षकपट्टीत घालायला सुरुवात केली आणि साइट इंजिनिअरनं जुने कागद गोळा करून फाडले.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला निर्णयबिंदू खूप आधीचा होता, डिटेल १:२० ला बसवायचं ठरलं तेव्हाचा. त्या क्षणी भाऊंना दिसत होतं की १३० चा आकडा मावत नाही. तिथेच थांबून वेगळं शीट मागायला हवं होतं. पण ऑफिसात शीटची संख्या कमी ठेवण्याचा आग्रह होता, कारण प्लॉटरचे पैसे शीटमागे लागतात. म्हणून मी हा दोष ड्राफ्ट्समनवर टाकत नाही. शीट किती आणि डिटेल कोणत्या स्केलला, हे काम सुरू होतानाच प्रमुखांनी ठरवून द्यायचं असतं.

दुसरा, मापं पाचपट दिसली तेव्हाचा. त्या मुलीनं आकडा टाइप केला, कारण स्टाइलची नावं 'स्टँडर्ड', 'स्टँडर्ड-१', 'नवी' अशी होती. कोणती कशासाठी हे फक्त भाऊंना माहीत. स्टाइलच्या नावात स्केल असतं तर तिनं बरोबर निवडली असती. आता नावांतच स्केल घातलं आहे: डिम-१००, डिम-५०, डिम-१०.

तिसऱ्याबद्दल माझं आणि प्रमुखांचं अजून एकमत नाही. त्यांना वाटतं की चालू कामातच ॲनोटेटिव्ह घ्यायला हवं होतं, कारण नंतर १:५० चा एक भाग दाखवावा लागला आणि तिथली सगळी मापं दुसऱ्या स्टाइलनं पुन्हा टाकावी लागली. ते काम दुप्पट झालं हे खरं. तरी त्या आठवड्यात दोघांपैकी एकाला अनोळखी पद्धत देणं मला आजही धोक्याचं वाटतं. नवं टेम्प्लेट मुलीनं तयार केलंय. स्केलची यादी तिनं पाचांवर आणली आहे, आपोआप जोडण्याचं बटण बंद आहे, आणि भाऊ सध्या त्यात एका बंगल्याचं ड्रॉइंग करून बघताहेत. त्या बंगल्याची पहिली शीटही साइटवर जाण्याआधी ए-३ वर काढून वाचून घ्यायची, हे दोघांनी मिळून ठरवलंय.